किन्लेचं कबने

"कबने नाही, तर आत नाही," दारावरचा गेम्बो म्हणाला आणि पायरीवर आडवा उभा राहिला.

किन्लेला आधी वाटलं, गंमत करतोय. अकरा वर्षं झाली, किन्ले पाहुण्यांना घेऊन या कड्यावरच्या देवळात येतोय आणि अकरा वर्षं हाच गेम्बो दारावर आहे. खालच्या टपरीत एका ताटात जेवलेली माणसं ही. पण गेम्बो हसला नाही. किन्लेच्या अंगात घो, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा झगा, होता, टोपी काढून हातात घेतलेली होती, सगळं रीतसर होतं. फक्त डाव्या खांद्यावरून घ्यायचं ते पांढरं उपरणं, कबने, तेवढं नव्हतं. ते होतं शेजारी उभ्या असलेल्या पाहुणीच्या हातावर.

"डोळे फुटले का तुझे?" किन्ले भडकला. "ते काय, बघ की! धबधब्याच्या पुलावर बाई घसरली, मनगट मोडलं. अर्धं फाडून हात काठीशी बांधला, अर्ध्याची झोळी केली. मी काय करायला हवं होतं? खांदा सजवून बसायला हवं होतं?"

"केलंस ते चांगलंच केलंस. पण नियम आहे."

पाहुणी म्हणजे इंग्रिड, साठीची बाई, ओठ दाबून कळ सोसत होती. पुलावरच किन्ले तिला म्हणाला होता, मॅडम, परत फिरू. एवढ्या लांबून आले, बघितल्याशिवाय जाणार नाही, असं ती म्हणाली आणि किन्लेनं पुन्हा आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर वर यायचं त्यालाच होतं. आईला जाऊन आज एकोणपन्नासावा दिवस. आज आत दिवा लागला, लामांनी तिचं नाव घेऊन मंत्र म्हटला, की तिचा जीव वाटेला लागणार. उद्याच्या दिव्याचा तिला काय उपयोग? गुडघ्यांपायी बिचारीला हा कडा जन्मात चढता आला नाही. मालकाकडे रजा मागितली, तर तो म्हणाला, पाहुण्यांना घेऊन तिथंच चाललायस ना, मग रजा कशाला?

"तुझं दे," किन्ले म्हणाला. "पाच मिनिटं. दिवा लावतो आणि आणून देतो."

गेम्बोनं खांद्यावरचं कबने घट्ट धरलं. "ड्यूटीवर आहे मी. साहेबांच्या कानावर गेलं तर घरी बसवतील."

दुसरा कुणी वाटाड्या असता तर त्याचं मागून घेतलं असतं. पण पावसाळ्याचे दिवस, वर चिटपाखरू नाही. बारा वाजत आलेले. बाराला लामा जेवायला उठणार आणि दार बंद होणार.

वा रे नियम! जीन्समधली बाई आत चालते. तिच्या हातावरचं चिखलानं बरबटलेलं, फाटकं कबनेसुद्धा आत चालतं. ज्याचं ते कबने, तो मात्र बाहेर! किन्लेच्या ओठांवर शिवी आली होती, ती त्यानं देवाच्या दारात गिळली. दिव्यासाठी छातीशी जपून आणलेला लोण्याचा गोळा काढून त्यानं बाईच्या धडक्या हातात दिला.

"मॅडम, माझी आई वारली. तिच्यासाठी दिवा लावाल? लामांना थोडं इंग्रजी येतं. ते नाव विचारतील. ङावांग पेल्डोन म्हणून सांगा."

"ङावांग पेल्डोन," बाई म्हणाली. किन्लेनं आणखी दोनदा म्हणून घेतलं.

ती आत गेली. किन्ले ओल्या पायरीवर हात जोडून उभा राहिला. आतून घंटा ऐकू आली, मग लामांचा आवाज. शब्द कळत नव्हते, पण मंत्र ओळखीचा होता. त्यानं तिथंच पायरीवर तीनदा डोकं टेकलं. गेम्बो दुसरीकडे बघत राहिला.

बाई बाहेर आली ती दुखणं विसरूनच. "किती प्रेमळ आहेत लामा! मी स्वतः दिवा लावला. त्यांनी कितीतरी वेळ मंत्र म्हटला."

"नाव सांगितलंत ना?"

"अरे, ते अवघड नाव जिना चढेपर्यंत विसरलेच मी. ते सारखे विचारत होते, गेलेल्या माणसाचं नाव काय? मग तुझं सांगितलं. किन्ले वांग्दी! तुझं मला चांगलं पाठ आहे."

"याल्लामा!" गेम्बोनं तोंडावर हात ठेवला. जित्या माणसाच्या नावानं मेलेल्याचा मंत्र!

तिला बोलणार तरी काय? ती बिचारी आपण मोठं काम करून आलो या आनंदात होती. किन्ले गेम्बोकडे वळला.

"ऐकलंस? मी मेलो. आत्ताच, तुझ्या दारात."

"असं अभद्र नको रे बोलू, किन्ले."

"मी कुठं बोलतोय? लामांनीच म्हटलं की! आता सांग, मेलेल्याला कबने लागतं का? कुठल्या नियमात लिहिलंय?"

किन्लेनं गेम्बोला हातानं बाजूला सारलं आणि उघड्या खांद्यानं तो आत शिरला.

"ङावांग पेल्डोन!" तो जिन्यावरूनच ओरडत होता. "लामा, उठू नका! ङावांग पेल्डोन!"