एका गुडघ्याचं माप

"मॅडम, तुमच्या भावाचं माप अठ्ठ्याहत्तर येतंय," सहकारीण म्हणाली.

"ब्याऐंशी आहे. नीट बघ," प्रत्यारोपण समन्वयक बाई म्हणाल्या.

दात्याच्या उजव्या गुडघ्यातला कूर्चेचा तुकडा सकाळीच बंद पेटीतून रुग्णालयात आला होता. दात्याच्या हाडाची रुंदी ब्याऐंशी मिलिमीटर. त्या तुकड्यासाठी दोघे ताटकळत होते. एक बसचालक, त्याच्या गुडघ्याचं माप एक्क्याऐंशी. दुसरा बाईंचा सख्खा धाकटा भाऊ, ज्याला दोन पायऱ्या चढणंही जिवावर यायचं. माप ज्याचं जास्त जवळ, तुकडा त्याचा. भावाचं माप बाईंनीच घेतलं होतं, ब्याऐंशी, तंतोतंत. घरच्या माणसाचं माप दुसऱ्यानं पुन्हा घ्यायचं, हा नियमही त्यांचाच. पण आनंदाच्या भरात त्या तेवढंही थांबल्या नाहीत. भावाला उपाशी पोटी बोलावून घेतलं. तो आता खाली झगा घालून बसला होता.

माघारी सगळे बाईंना 'मोजपट्टी' म्हणायचे. ते त्यांच्या कानावर होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

"रेघ कुठून धरलीस?" त्यांनी दरडावून विचारलं.

सहकारिणीनं पडद्यावरच्या एक्स-रेवर बोट ठेवलं. हाडाच्या काठाला चोचीसारखं टोक फुटलं होतं. "हे सोडून. झिजलेल्या गुडघ्याला असं हाड वाढतं, ते मापात धरायचं नाही. तुम्हीच शिकवलंत ना."

बाई बघत राहिल्या. आजवर प्रत्येक गुडघ्यात त्यांनी ते टोक सोडलं होतं. याच एका गुडघ्यात कसं धरलं? मुद्दाम नव्हतं. नव्हतं ना? त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

फोन वाजला. ऑपरेशन थिएटरमधून सर्जन बोलत होते. "तुमच्या भावाला वर घेतोय. पेटी उघडू ना? एकदा उघडली की दुसऱ्या कुणाच्या कामाची नाही."

सहकारिणीनं मान खाली घातली. त्या चार मिलिमीटरचा पत्ता दोघींखेरीज कुणालाच नव्हता.

बाई म्हणाल्या, "उघडू नका, सर. पेशंट बदललाय. बसचालकाला बोलावते."

थोड्याच वेळात त्यांचा मोबाइल थरथरला.

"ताई, नर्स म्हणतेय घरी जा. काय झालं?"

"तुकडा तुझ्या मापाचा नाही रे."

"सकाळी तर तूच म्हणालीस, तंतोतंत आहे!" भावाचा आवाज चढला. "मग आता माप घेतलं कुणी?"

सहकारिणीनं घाबरून वर पाहिलं.

"मी," बाई म्हणाल्या.