लाल दोऱ्याची जुडी

ड्रॅगन होड्यांचा सण उद्यावर आला होता आणि तैवानमधल्या तैनानच्या घरात लीश्यू बांबूच्या पानांत चिकट भात भरून झोंगझी बांधत होती. तिची मैत्रीण बीयुन मूत्रपिंडाच्या आजाराने आठवडाभर दवाखान्यात होती. तिच्या अळणी झोंगझींना लाल दोरा, बाकी सगळ्यांना पांढरा.

“दोन जुड्या जास्त बांध गं,” ती सुनेला म्हणाली. “समोरच्यांकडे माणूस गेलंय. त्यांना यंदा घरी करता यायच्या नाहीत, आपणच द्यायला हव्यात.”

“बांधते, आई.”

“आणि दोऱ्यांची अदलाबदल केलीस तर याद राख! चिमूटभर मीठसुद्धा बीयुनच्या जिवावर बेतेल.”

दुपारी बीयुनचा मुलगा दारात आला. लीश्यूने लगबगीने लाल दोऱ्याची जुडी त्याच्या हातात कोंबली. त्याने ती हळूच टेबलावर ठेवली आणि पांढऱ्या दोऱ्याची उचलली.

“अरे मेल्या, त्या खारट आहेत! आईचा जीव घेतोस काय?”



“पांढऱ्याच द्या, मावशी,” तो म्हणाला. “यंदा आमच्याही घरी करता यायच्या नाहीत.”