नर, एक

लेकीनं तिकिटं काढली होती ती मैफलीच्या उत्तरार्धातल्या, नुसत्या वाद्यांवर वाजणाऱ्या ऑपेरातल्या संगीतासाठी. रानोमाळ पक्षी मोजण्यात हयात घालवलेले बाबा मात्र आले, ते 'आधी पक्ष्यांच्या आवाजांवरची रचना आहे' या आमिषानं.

बासरीनं पहिलीच शीळ घातली आणि बाबांनी खिशातून जुनी नोंदवही काढली. त्या शिळेच्या पक्ष्याचं नेमकं पान उघडून त्यांनी सवयीनं वेळ लिहिली, दिशा लिहिली, 'नर, एक' लिहिलं.

"अहो बाबा, बासरी आहे ती!" लेक कुजबुजली.

"हळू बोल. उडून जाईल."

हसू दाबत ती वहीत डोकावली. त्या पानावरची आधीची नोंद तेवीस वर्षांपूर्वीची होती. पुढे लिहिलं होतं, 'बहुधा शेवटचा.'

बाबा ते दोन शब्द खोडत होते.