तुळईवरच्या रेघा

तुळईवरचा रंग पुन्हा खरवडलेला होता. तिसऱ्यांदा.

मुकादमानं परांचीवर उभं राहून कपाळाला हात लावला. जस्ताचा थर, मधला थर, वरचा करडा थर, सगळं पार उघड्या पोलादापर्यंत काढलेलं. तळापासून वर गेलेली एक बारीक, वेडीवाकडी रेघ, तिच्यावर छोट्या आडव्या रेघा आणि प्रत्येकीशेजारी आकडे गिरवलेले. मागच्या आठवड्यात सर्वांत वरची आडवी रेघ त्याच्या कमरेशी होती, आज छातीपाशी. तेवढ्यात गंजाचा तांबडा ओघळही सुटला होता.

उद्या दुपारी तपासणी. रंगकामासाठी बंद ठेवलेला पूल चार वाजता खुला. आणि पहिली बस त्याची बायकोच नेणार होती. ‘नवऱ्यानं रंगवलाय, उद्घाटन माझंच,’ असं तिनं अख्ख्या डेपोत सांगून ठेवलं होतं.

हे काम कुणाचं, ते शोधायची गरज नव्हती. बाबांनी तीस वर्षं हाच पूल रंगवला होता. आता ते चष्मा फ्रीजमध्ये ठेवत, वारलेल्या आईला हाका मारत, आणि बोलता बोलता साधासा शब्द त्यांच्या हातून निसटून जाई. पुलाची वाट तेवढी पायांना पाठ होती.

संध्याकाळी त्यांच्या उशीखाली स्क्रॅपर सापडला.

“बाबा, माझ्या पोटावर का पाय देताय?”

“अरे, तिथं ते... ते हे आहे ना...”

“गंज?”

“गंज नाही रे. ते... वर चाललंय.”

“तुमच्यापायी मीच वर जाईन आता!”

बायको खुदकन हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी मुलाचा हात घट्ट धरला, ओठ हलवले, आणि शब्द सापडेना म्हणून लहान मुलासारखे रडायला लागले. मुकादमाला स्वतःचीच लाज वाटली. तरी सकाळी निघताना त्यानं दाराला बाहेरून कुलूप घातलंच.

त्या दिवशी त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. तारेचा ब्रश स्वतः फिरवला, रेघा घासून काढल्या, लवकर वाळणाऱ्या रंगाचे थर एकावर एक चढवले. दुपारी तपासनीस रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन आला. तुळईवर पाच ठिकाणी टेकवून त्यानं मान डोलावली.

“एक नंबर. वीस वर्षं बघायला नको.”

मुकादम जवळजवळ पळतच घरी आला. कुलूप काढलं. बाबा खिडकीचे गज धरून उभे होते. समोर पुलाच्या तोंडाशी बायकोची बस थांबली होती, तिच्यामागे खडीचे सहा ट्रक. रस्त्यावरचा अडसर बाजूला झाला. बायकोनं घराच्या दिशेनं दोनदा हॉर्न वाजवला आणि बस पुलावर घातली. पाठोपाठ ट्रकही सुटले.

“बघा बाबा,” तो त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तुमच्या रेघांचा आता मागमूस नाही. सगळं झाकून टाकलं.”

बाबा वळले. कित्येक महिन्यांत त्यांचे डोळे इतके स्वच्छ दिसले नव्हते.

“आठवलं रे,” ते म्हणाले. “तडा.”