गल्लीतला पहिला गॅस

जठारपेठेतल्या त्या गल्लीत पहिला गॅस आला तो पंजाबरावाच्या घरी. मिस्त्री शेगडी जोडून गेला आणि त्याच्या मागोमाग अख्खं घर रस्त्यापलीकडच्या निंबाखाली जाऊन उभं राहिलं. आत उरली एकटी ललिता, हातात आगपेटी घेऊन.

"मीच काहून?" तिनं खिडकीतून नवऱ्याला विचारलं.

"मंग? घरातली चूल काय मी पेटवतो?" पंजाबराव तिकडूनच ओरडला.

ललितानं काडी काढली.

"थांब वं पोरी!" सासू धावत खिडकीशी आली. ललिताचे डोळेच भरून आले.

"पाटल्या तेवढ्या काढून दे," सासू म्हणाली.

पाटल्या देऊन ललितानं काडी ओढली, डोळे मिटले, चावी फिरवली. भक्क! ती जिवाच्या आकांतानं किंचाळली. डोळे उघडले तर शेगडीवर निळी ज्योत गोल बसलेली, निमूट.

सांगायला ती दाराशी आली, तो निंबाखाली सासूनं गळा काढलेला. "लय गुणाची होती वं माय माही सून! तिच्यासारखी भाकर साऱ्या अकोल्यात कोनाले जमत नोती!"

लग्न झाल्यापासून ललिता हे पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं हळूच आतून कडी घातली आणि दाराला कान लावला.