बांडा रेडा

सांपेने रेडा ट्रकमधून उतरवला आणि वळणावर थांबून आधी फोन पाहिला. सवयच ती. सगळ्या डोंगरात नेटवर्क मिळायचं ते या एका वळणावर; खाली घरांमध्ये फोन फक्त वेळ बघायच्या कामाचा. दर निवडणुकीला कोणीतरी घरोघरी वेगवान इंटरनेट देतो म्हणून सांगून जायचं आणि गावापर्यंत पोचायचं ते तेवढं सांगणंच. लिहिलेलं जायचं. नशीब असेल तर फोटो जायचा. बोललेलं मात्र चढावरच्या म्हाताऱ्यासारखं मध्येच बसकण मारायचं.

रेडा बांडा होता, काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला, निळ्या डोळ्यांचा. तोराजात, या डोंगरी मुलखात, असा रेडा दारात उभा राहिला की शेजाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतात. त्याच्यासाठी सांपे पापुआच्या खाणीत दुसऱ्यांच्या पाळ्यासुद्धा करत राहिला, एक वेळ जेवून राहिला. बाबांना साध्या काळ्या रेड्यावर वाटेला लावलं, असं कोणी म्हणायला नको होतं.

बाबांचं त्याला ईस्टरलाच कळलं होतं. कळलं म्हणजे एक फोटो आला. मागच्या खोलीत बाबा आडवे, डोळे मिटलेले. नव्या सदऱ्याची गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डोक्याला सणाचा रुमाल. उशाशी भाताचं ताट आणि कॉफीचा पेला. घरचे सगळे भोवती बसलेले. खाली एक अक्षर नाही. त्याची गरजही नव्हती. अंत्यविधीचा रेडा बळी पडेपर्यंत घरातला माणूस मेला असं तोराजात कोणी म्हणत नाही. तो नुसता आजारी असतो. त्याला महिनोन्‌महिने घरात ठेवायचं, नवे कपडे घालायचे, रोज ताट वाढायचं. सांपे त्या फोटोसमोर पोटभर रडला. घरी फोन लावून पाहिला, लागला नाही. मग त्याने लिहिलं: ‘फोटो पाहिला. बांडा रेडा ठरवलाय. घाई करू नका. मी येईपर्यंत बाबांना जपा, जेवण वेळेवर द्या.’

आता तो रेडा घेऊन अंगणात शिरला. शेजारी ओळीने उभे होते, पण एकानेही रेड्याच्या पाठीवर हात फिरवला नाही. थोरली बहीण बुंगा ओट्यावर कॉफीच्या बिया निवडत होती. ती उठली नाही.

“आधी बाबांना भेटतो,” सांपे म्हणाला.

“भेट की. त्यांना आता कुठं जायचंय.”

तो मागच्या खोलीत गेला. बाबांना ठेवलेली पेटी बंद होती. तिच्यावर हात ठेवून तो बराच वेळ बसला. बुंगा दारात येऊन उभी राहिली तेव्हा त्याने तिची माफी मागितली. ईस्टरपासून बाबांना असं ताटकळत ठेवलं, पण रेडा मनासारखा मिळाला, असं काहीबाही बोलत राहिला.

“ईस्टरपासून?” बुंगा म्हणाली. “बाबा ईस्टरनंतर, कॉफीच्या तोडणीच्या दिवसांत मेले, सांपे.”

रेडा पडायच्या आधी तो शब्द या घरात कोणी उच्चारला नव्हता. सांपे आधी त्या शब्दानेच दचकला. बाकीचं डोक्यात शिरायला वेळ लागला.

“आणि तो फोटो?”

बाबांच्या पोटात गाठ निघाली होती. लेकाने आपल्याला गबाळं बघू नये म्हणून नवा सदरा त्यांनीच मागून घेतला. ताटातलं शीतही घशाखाली उतरत नव्हतं. फोटो काढेपर्यंत त्यांचा डोळा लागला होता. जागे झाल्यावर, तू काही लिहू नकोस, मीच बोलतो, असं त्यांनी बुंगाला बजावलं. तिने वळणावर जाऊन फोटो आणि फोनवर भरून घेतलेलं त्यांचं बोलणं, दोन्ही पाठवलं. फोटो गेलेला पाहिला आणि ती खाली उतरली.

तिने फोन त्याच्यापुढे धरला. फोटोच्या खाली बाबांचा निरोप होता. त्याच्या कडेला तो न गेल्याचं छोटं घड्याळ अजून तसंच होतं. बुंगाने बोट ठेवलं.

“सांप्या, फोटोवर जाऊ नकोस, अजून आहे मी,” बाबा थकल्या आवाजात हसले. “डॉक्टर म्हणतो, मकास्सरला नेऊन गाठ काढली तर निभावेल. या लोकांबरोबर मी नाही जायचा. तू हात धरलास तर जाईन. लवकर ये रे.”

त्याच्या लगेच खाली सांपेचं उत्तर होतं. बुंगाने ते याच खोलीत वाचून दाखवलं होतं. ‘घाई करू नका’ हे बाबांनी पुन्हा वाचायला लावलं होतं.

सांपे भिंतीला टेकला. अंगणात रेडा फुरफुरत होता.

“तू परत कळवायचं ना, ताई.”

“निघाले होते मी वळणावर. त्यांनीच अडवलं,” बुंगा म्हणाली. “हातातल्या गोळ्या उशाखाली सारल्या आणि म्हणाले, ‘रेडा ठरवलाय ना त्याने? मग आता तो त्याला परत करायला लावू नका.’”