केळ की संत्रा

"केळच लावू, मामाजी," कोकिळा म्हणाली. "शेतकी खात्याचा मानूस म्हने, हे बुरशी मुळ्यामुळ्यायनं पसरते. संत्रा आता या मातीत जगत नाही. केळीले ते धरत नाही."

वामनरावांनी वाळलेल्या झाडाच्या बुडाची साल नखाने सोलली. आत पांढरं जाळं, बाहेर मधाच्या रंगाच्या अळंबीच्या छत्र्या. उंद्री गावात नाव असलेली त्यांची संत्र्याची बाग एका कोपऱ्यापासून मरत चालली होती.

"लाव केळ," सासरे म्हणाले. "बाग पुन्हा उभी झाली की तुले बुलढान्याले मास्तरनीच्या ट्रेनिंगले धाडतो. आज तू गेली, तं पान्यावर कोन राहीन?"

मास्तरकीला तेव्हा पुरणारी सातवी पास झालेली कोकिळा लग्न होऊन आल्यापासून झाडांच्या आळ्यांना पाणी वळवत होती. नवरा रंगराव बापापुढे ब्र काढत नसे. गावातल्या शाळेची घंटा वाजली की ती फावडं थांबवून ऐकत राहायची. आता सुटकेचा रस्ता केळीतूनच जात होता.

तो सासूने अडवला.

"माह्या बागेत संत्राच लागंल," गोजरबाई म्हणाली.

"आत्याबाई, मरन ते!"

"मरो. तू शिकली म्हून मले अक्कल शिकवतं का?"

वामनरावांचा जीवही संत्र्यातच अडकलेला. बायकोचा रेटा मिळाला तसे ते केळीच्या शब्दावरून फिरले. म्हातारीचं अख्खं आयुष्य त्या बागेत गेलं होतं. रोगट मुळ्या खणून जाळायला न्यायचं कामही ती दुसऱ्या कोणाला करू देत नसे. ही सासू नव्हे, दारावरचं कुलूप आहे, कोकिळाला वाटलं. ती विहिरीआड जाऊन पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी दोघी नव्या खड्ड्यापाशी बसल्या. कोकिळाने रागारागाने संत्र्याचं रोप उचललं. गोजरबाईने हात आडवा धरला. पदराखालून तिने एक कुजकी, पांढऱ्या जाळ्याने भरलेली मुळी काढली आणि खड्ड्याच्या तळाशी ठेवली.

"हे काय करता, आत्याबाई?"

"चांगल्या झाडायखालीही ह्या मुळ्या मीच पुरून राह्यली," सासू हळूच म्हणाली. "बाग उभी झाली की माहेरी धाडतो, असं मलेही म्हनत होते. उभ्या बागेतून बाई सुटत नाही, पोरी. बाग मेली म्हंजे ह्यायलेच तुह्या पगाराची गरज पडंल. लोट माती."